भुयारातला मरणाचा सीन

माह्या मरणात कोणी येत नाई. हे मी तोऱ्यात नाई सांगून राह्यली, झाडीपट्टीतल्या कोणत्याई नटाले विचारा. स्टेजवर इंदुबाई पडली का बाकीच्याइनं जागच्या जागी थांबायचं. पेटीवाला हळूच सूर धरते, सामोर बसलेल्या बाया पदर तोंडाले लावतात, अन् मी मरते. घाई नाई. पब्लिक जितकं रडते तितकं लांबवते. वन्समोर आला तं उठून परत मरते.

एकदा गोंडपिपरीकडच्या एका मंडईच्या जत्रेत मी अशीच मरून राह्यली होती अन् आमचा लटारू, कॉमेडीवाला, चुकून आधीच एन्ट्री घेऊन आला. "माय वो, मी आलो!" आला तं आला, वरून नाचला. लोकाइनं त्याले चपलाइनं हाणलं. दुसऱ्या एका गावी मांगच्या पडद्यानं पेट घेतला, खोकल्याची ढास लागली सगळ्याइले, तरी त्या नाटकात माह्या नवऱ्याचं काम करणारा हेमराज माहा हात धरून तसाच बसून राह्यला. आधी मी मेली, मंग बादल्या आल्या. असा आमचा कायदा. कुठी लिहिलेला नाई, पण मोडत कोणी नाई.

हे आधीच सांगून ठेवते, काऊन का पुढचं ऐकून लोकं मले म्हणतात, "बाई, तुम्ही तोंड काऊन नाई उघडलं?" तोंड! तोंड तं उघडंच होतं माहं. त्यातूनच तं सारा घोळ झाला.

वडश्याले आमच्या मंडळाचं हापिस हाय. हापिस म्हणजे रोडाच्या कडंले एक लांब खोली, भितीले जुने बॅनर, कोपऱ्यात चादरीत गुंडाळलेली पेटी. सीझन दिवाळीनंतर सुरू होते, गावोगावी मंडया, बैलाइच्या शर्यतीचे शंकरपट, रोज नवं गाव अन् नाटक. पण माणसं पक्की होतात पावसाळ्यात, धानाचे रोवणे आटोपले का. पोळ्याच्या आत ज्याचं नाव बॅनरवर गेलं तो नट, ज्याचं नाई गेलं तो घरी. अन् बाईमाणूस एक साल घरी बसली का पुढल्या साली तिले कोणी बोलवत नाई. "होती ना एक इंदुबाई, काय झालं वो तिचं?" एवढंच उरते.

मी सिंदेवाहीकडची. रोवण्यात चिखलात वाकते, कंबर मोडून जाते, पण डोक्यात एकच असते का दिवाळी झाली का मी उभी राहीन. उजेडात उभी, अन् सामोर गावच्या गाव चूप. ते नसलं तं मी कोण हाय सांगा? चिखलातली एक म्हातारी होणारी बाई. मले ते नाई व्हायचं, साफ सांगते.

आमचा मालक श्रीहरीभाऊ. गोड माणूस. इतका गोड का मले त्याच्या गोडपणाची शिसारी येते. तो कधी कोणाले काढत नाई. फक्त बॅनरवर नाव टाकत नाई, अन् विचाराले गेलं का चहा पाजते. यंदा नवीन नाटकात नागपूरच्या डान्सवाल्या पोरी घेतल्या. डान्स वाढले, तं मधातून काहीतरी कापावं लागते ना? डान्स कोण कापते बाप्पा! आई कापली. दोन आया होत्या नाटकात, त्याची एक केली. अन् आई करणाऱ्या आम्ही दोघी, मी अन् रुखमा.

रुखमा चामोर्शीची. किती सीझन झाले मोजले नाई, पण एका ट्रंकेत दोघींचे लुगडे, एका आरशात दोघींचे तोंडं. मी आई तं ती सासू, ती आई तं मी सासू. माहा नवरा गेला तेव्हा तेरवीपर्यंत माह्या चुलीवर तिनंच भात रांधला. मी तिले शिव्या देते, ती मले देते. तिच्या दम्याची गोळी माह्या बटव्यात राहते. असं होतं आमचं.

दोघीतून एकीले नाई म्हणाची मालकाची हिंमत होत नव्हती. ती हिंमत त्याच्या पोराच्या खेळानं त्याले दिली.

पोरगा आयुष, पुण्याले इंजिनेरी शिकते. मागच्या पावसाळ्यात तो सुट्टीत एक खेळ घेऊन आला होता. त्या खेळात पट नाई, सोंगट्या नाई. चटईवर गोल बसाचं. एक जण सूत्रधार, तो सांगते का तुम्ही भुयारात हाव, अंधार हाय, सामोर दरवाजा हाय, काय करता? आपण म्हणाचं, मी दरवाजाले कान लावते. मंग पासा फेकाचा. पासा बी अजब, वीस बाजूचा, बोरायेवढा. आकडा मोठा पडला तं जमलं, लहान पडला तं फसलं. हरेकाजवळ एक कागद, त्यावर तुम्ही कोण, हत्यार काय. अन् सामोर चिंचोके मांडायचे. चिंचोके म्हणजे अंगातलं रगत. काही लागलं का सूत्रधार त्यातून उचलून घेते.

नटाइले अजून काय पाह्यजे? मागचा पावसाळा आम्ही त्या चटईवरच काढला. तेव्हा कायदा ढिला होता. कोणी मेलं का आयुषच ओरडे, "वन्समोर!" अन् आपण उठून बसायचं. मी त्या भुयारात बम वेळा मेली बाप्पा. एकदा पाण्यात बुडून, एकदा सापानं, एकदा तं नुसती भीतीनं. मालकीण पाहाले बसली होती, तिचे पोहे करपले.

यंदा पोरगं नवीन पुस्तक घेऊन आलं. खेळ तोच, नियम नवे.

"ह्या वेळी जीवघेणं आहे, काकू," चटईवर मांडी घालून तो म्हणाला. पुण्याले जाऊन बोलणं साफ झालं त्याचं. "पासा सगळ्यांसमोर पडणार. सूत्रधार कुणाला वाचवणार नाही, मधे बोलणारही नाही. बोलण्यात वेळ जातो, त्यामुळे लांब डायलॉग मारला तर तुमची पाळी गेली. चिंचोके संपले की माणूस पडला. पडला की मी हे उलटं करणार." असं म्हणून त्यानं खिशातून काचेचं एक लहानसं वाळूचं घड्याळ काढलं. "वाळू संपायच्या आत उभ्या असलेल्या कुणी जखमेवर औषध लावलं तर तो वाचला. नाहीतर मेला. कागद फाडायचा, चटईवरून उठायचं. वन्समोर नाही."

"अन् पडलेल्यानं काय कराचं?" लटारूनं विचारलं.

"पडलेला फक्त बोलू शकतो."

मालक दरवाजात चहाचा कप घेऊन उभा होता. बशीत फुंकता फुंकता म्हणते, "मंग असं करू ना. इंदुबाई अन् रुखमाबाई दोघी बसूनच राह्यल्या खेळाले. जी भुयारातून भाहेर निघंल ती यंदाची आई. म्हणजे माह्यावर बोल नको."

सगळे हासले. मी बी हासली. मंग पाह्यलं तं मालक हासून नव्हता राह्यला.

"भाऊ, आम्ही काय झुंजीचे कोंबडे हाव का?" मी म्हटलं.

"अवो बाई, खेळ हाय. दोघी निघाल्या तं पाहू ना काहीतरी."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं उठावं, त्याचा कप घ्यावा अन् त्याच्याच धोतरावर ओतावा. पण मी उठली का खेळ संपला, अन् बॅनरवर रुखमा. अन् रुखमानं तं तोवर पदर खोचला होता. माह्याकडं पाह्यलं बी नाई. मी बसली.

चौघं होतो. हेमराज डाकू, हातात कुऱ्हाड. लटारू मांत्रिक, त्याचे मंत्र ऐकून मेलेला माणूस बी पळंल. मी भालेवाली. अन् रुखमा वैदीण, तिच्याजवळ औषधाच्या दोन पुड्या. आयुषनं खरोखरच्या पुड्या केल्या होत्या, कागदात सोप, म्हणजे बडीशेप, बांधून. एक पुडी म्हणजे एक जीव. ज्याच्या हातात पुडी, त्यानंच ती लावायची. तो पडला असंल तरच दुसऱ्यानं घ्यायची.

भाहेर पाऊस चालू होता, दुपार होती, टिनावर आवाज इतका का आयुषले ओरडून सांगावं लागे. किल्ल्याखालचं भुयार, पायऱ्या खाली उतरतात, भितीले ओल. पहिल्या खोलीत वटवाघळं. दुसऱ्या खोलीत पाणी, पाण्यात हाडं. मागच्या साली अशा खोलीत आम्ही गाणे म्हटले असते. यंदा प्रत्येक जण दोन शब्दात बोलून पासा फेके. "भाला टोचते." "मशाल पेटवतो." चिंचोके कमी होत चालले, तसे तोंडं सुकत चालले. नटाइले चूप बसवणारा खेळ मी पहिल्यांदा पाह्यला.

तिसऱ्या दरवाजाले रुखमानं हात लावला अन् पासा लहान पडला. भितीतून बाण निघाले. आयुषनं तिच्या सामोरचे सगळे चिंचोके ओढून घेतले अन् घड्याळ उलटं केलं.

रुखमा पडली. तिचं मरण बी चांगलं हाय, खोटं काऊन बोलू. माह्यासारखं नाई, पण चांगलं हाय. हात वर केला, म्हणाली, "लेकराहो, मांगं फिरू नका..." हेमराजनं डोळे मिटले. लटारूनं टोपी काढली. कोणी हललं नाई. हलणार कसे? मरण चालू होतं.

वाळू अर्धी खाली आली. मी ती पाहून राह्यली होती. माह्या मनात तेव्हा काय आलं, विचारता? काहीच नाई आलं. आलं असतं तं मी चूप बसली असती, अन् आज बॅनरवर असती. मले फक्त दिसलं का रुखमा मरून राह्यली. मी तिच्या कंबरेतून एक पुडी ओढली अन् तिच्या छातीवर दाबली. "लावली! आयुष, मी औषध लावलं!"

"वाचल्या," आयुष म्हणाला, अन् दोन चिंचोके तिच्या सामोर ठेवले.

रुखमा उठून बसली. मले वाटलं गळ्यात पडंल. तिनं असे डोळे वटारले का बस. "माह्या मरणात आली तू? काय व इंदे, एवढी बी कळ निघत नाई तुले? आत्ता तं सुरुवात होती माही!"

"अवो बाई, सीन मारला तुम्ही तिचा," लटारू हळूच म्हणाला. हेमराजनं बी मान हलवली. यंदा बी पाहाले बसलेली मालकीण तिकडून म्हणे, "मले रडू येऊनच राह्यलं होतं."

घ्या! जीव वाचवला अन् वरून बोलणे खाल्ले. मी म्हटलं, "मर मंग, कटकटे," अन् तोंड फिरवलं. रुखमानं उरलेली पुडी मुठीत धरली. ती शेवटची.

सगळ्यात खाली एक मोठी खोली होती. पलीकडच्या भितीत दरवाजा, दरवाजाच्या फटीतून उजेड. त्यातून निघालं का सुटका. अन् दरवाजासामोर अस्वल.

आमच्याकडं माणूस वाघाचं नाव घेऊन भेते अन् अस्वलाचं न घेताच. मोहफुलं वेचाले गेलेल्या बायाइचे काय हाल होतात ते आम्ही पाह्यले हायत. मी भाला मारला, लागला. लटारूनं मंत्र मारला, फसला. हेमराजची पाळी आली. अस्वल अर्धमेलं होतं, कुऱ्हाडीचा एक घाव बस होता.

अन् हेमराज उठून उभा राह्यला. छाती फुगवली. "अरे काळ्या जनावरा! ह्या वैनगंगेचं पाणी पिऊन वाढलेला मर्द तुह्या सामोर..."

"हेमराज, मार ना बे!" मी ओरडली.

पण तो मूळचा खलनायक हाय. डायलॉगशिवाय त्यानं उभ्या आयुष्यात कोणाले मारलं नाई. कुऱ्हाडीपर्यंत येता येता त्यानं बापाचं नाव घेतलं, आजाचं नाव घेतलं.

"अस्वलाला मराठी येत नाही," आयुष थंडपणे म्हणाला. "पाळी गेली, हेमराजकाका." अन् अस्वलासाठी पासा फेकला. वीस. सगळ्यात जवळ मी. त्यानं माहे चिंचोके ओंजळीनं नेले. एक बी नाई ठेवला.

मी पडली अन् घड्याळ उलटं झालं.

पडल्या पडल्या म्हणायचं होतं, "रुखमे, पुडी लाव." एवढंच. पण तोवर हेमराजनं तोंडानं पेटीचा सूर धरला होता, आपल्या चुकीनं बाई पडली म्हणून जास्तच जीव ओतून. लटारूनं माहं डोकं मांडीवर घेतलं. मालक दरवाजातून दोन पावलं अंदर आला. अन् तो सूर कानात गेला का माह्यानं राहवत नाई हो. बैलाच्या मानेवर जू ठेवलं का तो चालाले लागते, तसं हाय ते. माहा हात छातीवर गेला.

"रगत चाललं माहं," मी म्हटलं. "ह्या भुयारात दिवा नाई का कोणाजवळ? मले तुमचे तोंडं दिसत नाई."

मालकीण तिथीच फुटली.

वाळू पडून राह्यली होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून राह्यली होती. रुखमा माह्या उजव्या अंगाले बसली होती, डाव्या हातानं माहा हात धरून, उजव्या हाताची मूठ मांडीवर. त्या मुठीत पुडी. मले वाटलं, आता लावंल. मी लावली ना तिले? आता लावंल.

नाई लावली. मंग मी मरणातच पुडी मांगाले लागली.

"कोण हाय व इथी? रुखमा हाय का? रुखमे, तुह्या मुठीत काय हाय व बाई?"

"वा!" लटारू पुटपुटला.

"माह्यासाठी जपून ठेवली का? लाव ना व. इथी लाव. मले जगायचं हाय अजून. माहं काम बाकी हाय."

हेमराजनं सूर वर नेला. मालकानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. मी खरंखुरं मांगून राह्यली होती, रगताच्या थारोळ्यातल्या बाईवानी नाई, इंदुबाईवानी, अन् लोकं म्हणून राह्यले होते वा. आजपर्यंत मी इतकं खरं कधी बोलली नव्हती, अन् आजपर्यंत माही इतकी वाहवा कधी झाली नव्हती. रुखमाचे डोळे गच्च भरले होते, पाणी गालावरून खाली येऊन राह्यलं होतं. ते खरं होतं का खोटं, मले सांगता येत नाई. माह्याच शेजारी बसून रडायले शिकली ती.

उठून बसता आलं असतं. "ए, बंद करा सोंग, पुडी लाव," म्हणता आलं असतं. मले येडी समजता का? वाळू चिमटीभर उरली होती तेव्हाच ते मनात आलं. पण माही नजर मालकावर गेली. तो माणूस रडून राह्यला होता. बापाच्या मातीले ज्याच्या डोळ्यात पाणी आलं नाई, तो श्रीहरीभाऊ भितीले टेकून लेकरावानी हुंदके देऊन राह्यला होता. अन् मले वाटलं, जाऊ दे पुडी. हे मरण पाह्यल्यावर हा माणूस मले काढंल कसा? खेळ गेला चुलीत. मी आज असं मरते का ह्याच्या हातानं दुसरं नावच लिहिल्या जाणार नाई.

मंग मी मेली. सगळं काढलं जे होतं ते. माहा नवरा मरताना जसा सुपारीयेवढा श्वास घेई, तसा घेतला. लटारूचं बोट धरलं, सोडलं, परत धरलं. बोलता बोलता शब्द अर्धा ठेवला. मान हळूहळू, हळूहळू टाकली.

कोणी टाळी वाजवली नाई.

"वाळू संपली," आयुष म्हणाला. अन् माहा कागद फाडला. मधातून, सरळ.

पुढचं लवकर झालं. हेमराजनं ह्या पाळीले तोंड मिटून कुऱ्हाड मारली, अस्वल मेलं, दरवाजा उघडला, तिघं भाहेर निघाले. मी चटईच्या कडंले उभी होती. माह्यासाठी कोणी थांबलं नाई.

रुखमानं मूठ उघडली. पुडीचा कागद घामानं भिजून फाटला होता, सोप तळव्याले चिटकली होती.

"काऊन नाई लावली?" मी विचारलं.

"तुह्या मरणात मी कशी येऊ व इंदे?" डोळे पुसत म्हणाली. "इतकं चांगलं चाललं होतं."

"रुखमे, मी तुले मांगत होती."

"मले वाटलं डायलॉग हाय."

"तुह्या तोंडात किडे पडो," मी म्हटलं. तिनं मान खाली घातली. वर पाह्यलं तेव्हा तिच्या नजरेत लाजबीज काही नव्हती, नुसती भीती होती. तिले बी चिखलातच जायचं होतं ना, नाई तं. मले समजलं, अन् समजूनही तिचा गळा धरावा वाटला.

मी मालकाकडं गेली. त्याचे डोळे अजून लाल होते. त्यानं माहे दोन्ही हात धरले. "बाई, असं मरण अख्ख्या झाडीपट्टीत नाई. माहा बाप पाहाले पाह्यजे होता."

माहा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "मंग भाऊ?"

"मंग काय," तो म्हणाला, अन् माहे हात थोपटले. "आयुष, नियम म्हणजे नियम ना बाबू?"

"हो बाबा."

"तं मंग यंदा रुखमाबाईचं नाव टाकतो. तुम्हीच कबूल करून बसल्या होत्या, बाई, माह्यावर बोल नको." चहाचा कप त्यानं माह्या हातात दिला. "एक मात्र कराल का? नाटकात तिसऱ्या अंकात आई मरते. मले हेच मरण पाह्यजे तिथी. जसंच्या तसं. रुखमाबाईले बसवून द्या ना. तुमची तिची मैत्री, तुम्ही नाई म्हणणार नाई."

मी कप खाली ठेवला. लटारू भितीवरचे बॅनर वाचून राह्यला होता, जसा काही पहिल्यांदाच पाहून राह्यला. हेमराज संडासाले जातो म्हणून निघून गेला.

"मी नाई बसवत," मी म्हटलं. "तिले बसवा डान्सवाल्याइकडून."

"बसवाची गरज नाई, भाऊ," मांगून रुखमा म्हणाली. "मले येते."

अन् ती चटईवर आडवी झाली.

मी दरवाजाजवळ चप्पल शोधून राह्यली होती. वळून पाह्यलं तं तिचा हात छातीवर गेला होता. माहाच हात. "रगत चाललं माहं," ती म्हणाली, अन् आवाज माहा होता, तीच फाट, तोच थरथराट. "ह्या भुयारात दिवा नाई का कोणाजवळ?" कुठून आणलं तिनं? एकदा पाहून? का इतके साल आरशात माह्या बाजूले बसून एकेक घास उचलत होती? "मूठ" शब्दावर मी जशी अडखळली तशी अडखळली. मी मांगलेलं तिनं मांगून दाखवलं. "मले जगायचं हाय अजून. माहं काम बाकी हाय." नवऱ्याचा श्वास बी घेतला. माह्या नवऱ्याचा! तो मरताना ती माह्या घरी होती, चुलीजवळ.

तोंड उघडलं, "बंद कर, चोट्टे!" म्हणायले. शब्द जिभेवर होता. पण मालक भितीले टेकून उभा होता, मालकीण पदर तोंडाले लावून, लटारूनं टोपी काढली होती, आयुष बी खाली पाहून राह्यला होता. मरण चालू होतं. मी चप्पल हातात धरून तशीच उभी राह्यली.

तिची मान पडली. मालकानं डोळे पुसले अन् माह्याकडं पाह्यलं. "बरोबर हाय ना, बाई?"

रुखमा डोळे मिटून पडली होती. तिचा श्वास चढला होता, दम्याची शिट्टी वाजून राह्यली होती. तिची गोळी माह्या बटव्यात होती, अन् मी ती काढली नाई.

"मान लवकर टाकली तिनं," मी म्हटलं. "मांगं बसलेल्या लोकाइले दिसणार नाई. रुखमे, पहिल्यापासून मर."